मैदान विद्यापीठाचे, वर्ग कोणाचा?
नाशिकच्या खेळाडू विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा आढावा

ऑगस्ट 2017 मध्ये तैपेईला जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा भरली होती. तिथे चांदवड तालुक्याच्या संजीवनी जाधवने 10 हजार मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले. नाशिकमध्ये भोसला महाविद्यालयाच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झालेली ही मुलगी महिनाभर आधी भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत 5 हजार मीटरचे कांस्य घेऊन आली होती. तैपेईच्या स्पर्धेला उतरण्याची पहिली अट विद्यार्थी असण्याची असते. जगातल्या इतर मोठ्या स्पर्धा खेळाडूला फक्त तो किती वेगाने धावतो हे विचारतात. ही स्पर्धा तो कुठे शिकतो हेही विचारते. आपल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांचे सगळे अस्तित्व या दुसऱ्या प्रश्नावर उभे आहे. मुलगा किंवा मुलगी विद्यार्थी आहे, म्हणून तर विद्यापीठाचा संघ आहे, ट्रॅकसूट आहे, पदकतक्ता आहे. असे असताना त्या विद्यार्थ्याच्या शिकण्याची जबाबदारी विद्यापीठात नेमकी कोणाकडे असते, हे शोधू गेले तर उत्तर सहज सापडत नाही. नाशिकपुरता हा शोध इथे घेतला आहे.

नाशिकच का, तर लांब पल्ल्याच्या धावपटूंची इतकी सलग परंपरा महाराष्ट्रात क्वचितच कुठे सापडेल. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्य जिंकली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य घेऊन आली. पुढे 2016 मध्ये ती रिओत ऑलिंपिक मॅरेथॉन धावली. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे 2017 मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. धावण्यापलीकडे पाहिले तर चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला आणि 2018 मध्ये पालेंबांगला चौघांच्या नौकेत आशियाई सुवर्ण घेऊन आला. निफाडच्या देवरगावचा सर्वेश कुशारे उंच उडीत पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उडी मारून सहावा आला. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय उंच उडीपटू. कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यातून आणि पश्चिमेच्या आदिवासी पाड्यांतून ही मुले आली. घरात शिकवणीला पैसे नाहीत, मैदान गावाबाहेरचे माळरान, आणि पुढचे शिक्षण म्हणजे नाशिकला जाऊन राहणे.

आणि या शहरात विद्यापीठांची वाण नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. केटीएचएम, एचपीटी-आरवायके, बीवायके, भोसला अशी नाशिकची जुनी महाविद्यालये त्यालाच जोडलेली आहेत. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आहे. म्हणजे ज्या तीन प्रकारच्या मदतीची खेळाडू विद्यार्थ्याला गरज असते, नियमित पदवी, सवडीने शिकण्याची सोय आणि शरीराची शास्त्रीय काळजी, त्या तिन्ही देऊ शकणाऱ्या संस्था एका शहरात आहेत. त्यांचा एकमेकींशी खेळाडूच्या निमित्ताने संबंध मात्र फार थोडा येतो.

आता रचना कशी चालते ते पाहू, कारण अडचणीचे मूळ रचनेत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये महाविद्यालयाच्या जिमखान्यात चाचण्या होतात, त्यातून कॉलेजचा संघ निघतो. मग नाशिक विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, ज्यांना मुले ‘झोनल’ म्हणतात. तिथे निवड झाली की ‘इंटरझोनल’, म्हणजे पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक या विभागांची आपसांतली लढत. त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो, सराव शिबिर लागते आणि संघ पश्चिम विभागीय किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. त्या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ घेतो आणि एखाद्या खेळाची स्पर्धा राजस्थानात असते, तर दुसऱ्याची मध्य प्रदेशात किंवा तमिळनाडूत. राज्याचा अश्वमेध क्रीडा महोत्सव वेगळा. त्याशिवाय एकविध संघटनांच्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा असतातच, आणि खरा धावपटू त्या चुकवू शकत नाही, कारण राष्ट्रीय शिबिराचा रस्ता तिकडून जातो.

हे सगळे ऑगस्ट ते फेब्रुवारी या सहा-सात महिन्यांत कोंबलेले असते. पूर्वी कला आणि वाणिज्य शाखांची वार्षिक परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये असे. खेळाडू पावसाळा आणि हिवाळा मैदानावर घालवी, संक्रांतीनंतर वह्या गोळा करी आणि दोन महिन्यांत वर्ष काढी. ते शिक्षण फार चांगले होते असे मी म्हणणार नाही. पण वेळापत्रक तरी जुळत होते. पुणे विद्यापीठात 2019 च्या अभ्यासक्रमापासून या शाखांनाही पहिल्या वर्षापासून सत्र पद्धत लागू झाली. आता पहिल्या सत्राची परीक्षा येते ती दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे नेमकी इंटरझोनल आणि विद्यापीठ शिबिरांच्या तोंडावर. शिवाय सत्रात अंतर्गत मूल्यमापन असते: चाचणी, प्रकल्प, सादरीकरण, विज्ञान शाखेत प्रात्यक्षिके आणि जर्नल. वार्षिक परीक्षेत गैरहजेरी एकदाच भरून काढावी लागे. सत्र पद्धतीत ती दर पंधरवड्याला भरावी लागते. सत्र पद्धत आणणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मुलांनी वर्षभर अभ्यास करावा हा. पण तो निर्णय घेताना क्रीडा विभागाचे वेळापत्रक कोणी टेबलावर ठेवले असेल असे दिसत नाही, आणि क्रीडा स्पर्धांच्या तारखा ठरवताना परीक्षा विभागाचे वेळापत्रक कोणी समोर ठेवत असेल असेही दिसत नाही.

याचा परिणाम साधा आहे. धावणारा मुलगा पहाटे साडेपाचला मैदानावर असतो, आठला परततो, खाऊन अकराच्या तासाला बसतो तेव्हा डोळे मिटत असतात आणि साडेचारला पुन्हा मैदान. लांब पल्ल्याच्या धावकाचा आठवडा शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. त्यात सत्राला दोन-तीन स्पर्धा बाहेरगावी, प्रत्येकीचे प्रवास धरून आठवडाभर. 75 टक्के हजेरीचा नियम कागदावर सर्वांना सारखा आहे. खेळाडूला महाविद्यालय ‘ऑन ड्यूटी’ हजेरी देते. ही हजेरी मिळते, बुडालेला तास मात्र परत मिळत नाही. तो कोणी घ्यायचा हे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. एखादे कनवाळू सर किंवा मॅडम टिपणे देतात, एखादी मैत्रीण वही देते, त्यावर पोर पास होते. नाही झाले तर एटीकेटी. दोन-तीन विषय अडकले की पुढच्या वर्षी मैदान आणि अभ्यास दोन्हींचे ओझे दुप्पट होते आणि बहुतेक वेळा सुटते ते महाविद्यालय.

मदत अजिबात नाही, असे नाही. राज्य सरकारच्या निर्णयानुसार दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीप्रमाणे वाढीव गुण मिळतात, सर्वांत वरच्या पातळीला 25 पर्यंत. विद्यापीठातही खेळ, एनसीसी आणि एनएसएससाठी थोड्या वाढीव गुणांची सोय आहे. प्रवेशात क्रीडा कोटा आहे. सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण 2005 पासून आहे आणि 2016 मध्ये त्याचे नियम नव्याने लिहिले गेले. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला दरवर्षी आर्थिक साहाय्य मिळते. विद्यापीठ प्रवासखर्च, भत्ता, गणवेश देते. पदकविजेत्यांना रोख बक्षिसेही देते. महाविद्यालयांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे फीमाफी, वसतिगृह, खुराक यांची सोय केली आहे. नाशिकच्या शिक्षणसंस्थांत ही दानत जुनी आहे.

पण ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. खर्चाची मदत आणि राहण्या-खाण्याची सोय सोडली तर यातले सगळे काही एकतर आधी आहे किंवा नंतर: प्रवेशाच्या वेळी कोटा, निकालाच्या वेळी गुण, पदकानंतर बक्षीस, पदवीनंतर आरक्षण. मधल्या तीन वर्षांत, शिकण्याच्या काळात, शिकवण्याच्या रूपाने काहीच नाही. वाढीव गुणांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ते बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण आज तेवढाच आधार आहे. तरीही ज्या व्यवस्थेने तास बुडवायला लावले, तिने तास परत देण्याऐवजी गुण देऊन हिशेब मिटवणे हा विद्यार्थ्याचा सन्मान नाही. त्याला अर्थशास्त्र कळले का, हा प्रश्न त्यात कोणी विचारतच नाही. गुणांच्या आणि आरक्षणाच्या मागे लागून राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचा बाजार उभा राहिला, पडताळण्या कराव्या लागल्या, आणि खऱ्या खेळाडूला आपले खरे प्रमाणपत्र खरे आहे हे सिद्ध करण्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागले. मदत ज्या रूपात द्याल, तिच्याभोवती तसाच बाजार जमतो. बुडालेल्या तासाची शिकवणी कोणाला विकता येत नाही.

नाशिकच्या मुलांपुढे आणखी एक वळण येते, ते भरतीचे. अठरा-एकोणीस वर्षांचा, चांगला धावणारा, शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात किंवा पोलिसांत जायला पाहतो. त्याच्या घराला पगाराची गरज असते आणि सैन्यात गेल्यावर त्याला मैदान, आहार, प्रशिक्षक, सगळे मिळते. दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा. 2012 मध्ये सैन्यात गेला आणि वल्हे त्याच्या हातात तिथे आले. सर्वेश कुशारेने शाळेत मक्याच्या भुशाच्या गादीवर उड्या मारल्या, त्याला घडवले शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी, आणि पुढे सांभाळले सैन्याने. या दोघांच्या यशात विद्यापीठाच्या वाट्याला फारसे काही येत नाही, हे क्रीडा विभागांनी प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. जिथे खेळ आणि पोट यांची एकत्र सोय होते तिकडे मुलगा जातो. खेळ आणि शिक्षण यांची एकत्र सोय विद्यापीठ करू शकले असते तर काही मुले तीन वर्षे थांबली असती. सैन्यात गेलेल्यांचे नुकसान झाले असे नाही. नुकसान होते ते जे भरतीच्या आशेने कॉलेज सोडतात आणि भरतीत थोडक्यात हुकतात त्यांचे. त्यांच्याकडे ना पदवी उरते, ना विद्यापीठाच्या संघातली जागा.

पदवीला खेळाडूच्या आयुष्यात काय किंमत आहे हे ललिता बाबरच्या उदाहरणातून समजते. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ही मुलगी रिओ ऑलिंपिकमध्ये 3 हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली आणि पुढे राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी पदावर घेतले. अशा थेट नियुक्त्यांत पद जितके वरचे तितकी पदवीची अट पक्की असते. पाय तिशीपर्यंत साथ देतात, नोकरी अठ्ठावन्नपर्यंत चालते. मैदानावरचा विजय सारखाच असला तरी हातात पदवी असलेला अधिकारी होतो आणि नसलेला शिपाई, हा फरक कॉलेजच्या पहिल्या वर्षी कोणीतरी मुलांना समोर बसवून सांगायला हवा. आज तो सांगण्याचे काम जिमखान्याच्या सरांवर पडते, आणि ते करतातही. पण शारीरिक शिक्षण संचालकाचे पद महाविद्यालयात एकच असते; कित्येक ठिकाणी तेही रिकामे किंवा तासिका तत्त्वावर भरलेले. मैदान आखणे, संघ पाठवणे, ऑनलाइन प्रवेशिका, हिशेब, एवढे करून त्यांनी मराठीचे आणि सांख्यिकीचे तास कोणाचे बुडाले हेही पाहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

बाहेर काय चालते याचा उपयोग इथे होईल, फक्त तो डोळसपणे करून घ्यायला हवा. अमेरिकेत विद्यापीठीय खेळाचा कारभार 1906 पासून एनसीएए ही संघटना पाहते. तिथे खेळाडूला संघात राहण्यासाठी पदवीची प्रगती दाखवावी लागते: दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के भाग, तिसऱ्याअखेर 60, चौथ्याअखेर 80. सत्र चालू असताना सक्तीच्या सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे. 2003-04 पासून प्रत्येक संघाची शैक्षणिक प्रगती गुणांकात मोजतात आणि 1000 पैकी 930 च्या खाली गेलेल्या संघावर निर्बंध येतात. म्हणजे मुले नापास होऊ लागली तर त्याचा जाब प्रशिक्षकाला द्यावा लागतो. मोठ्या विद्यापीठांत खेळाडूंसाठी स्वतंत्र अभ्यासकेंद्र, शिकवणारे आणि सल्लागार असतात.

याच व्यवस्थेतून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रकरण निघाले. तिथल्या एका विभागात 1993 ते 2011 अशी 18 वर्षे न भरणाऱ्या वर्गांची खैरात चालली. तास नाहीत, प्राध्यापक नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घ्यायची. 2014 च्या चौकशी अहवालात 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतल्याचे निघाले. त्यातले निम्म्याच्या जवळपास खेळाडू होते. खेळाडूंना मदत करणाऱ्या केंद्रातल्या सल्लागारांनीच मुलांना तिकडे वळवले होते. वर्ग सर्वांना खुले होते या मुद्द्यावर संघटनेने 2017 मध्ये शिक्षाही केली नाही. आपण शिकायचे ते हे की अभ्यासाची मदत करणारी व्यक्ती क्रीडा विभागाच्या हुकमतीखाली असता कामा नये. तिची निष्ठा संघाच्या पात्रतेशी बांधली गेली की शिक्षणाचे सोंग उभे राहते. ती व्यक्ती शिक्षक असावी, विभागातली असावी आणि तिचे यश विद्यार्थ्याच्या शिकण्यावर मोजले जावे.

युरोपात दुहेरी कारकिर्दीची कल्पना रुजली आहे. युरोपीय संघाने 2012 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे केली आणि ब्रिटनमध्ये 2004 पासून शिकणाऱ्या खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती योजना चालते, जिच्यात पैशांबरोबर जीवनशैलीविषयक सल्लाही मिळतो. आपल्या देशात केंद्रीय शिक्षण मंडळ राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांमुळे बोर्डाची परीक्षा हुकलेल्या मुलांना नंतरची तारीख देते. विद्यापीठांतही अशा स्वतंत्र परीक्षेची परिपत्रके निघतात, पण ती विद्यापीठाचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांपुरती राहतात. झोनल खेळणाऱ्या मुलाला त्यांचा उपयोग नसतो.

भारतातल्या विद्यापीठीय खेळाचा नकाशाही बदलला आहे. मौलाना अबुल कलाम आझाद करंडक 1956-57 पासून सर्वोत्तम विद्यापीठाला मिळतो आणि अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा नेला. फेब्रुवारी 2020 मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. पहिल्याच वर्षी पुणे विद्यापीठाने पंजाब विद्यापीठाइतकीच 17 सुवर्णपदके मिळवली आणि रौप्यपदके कमी पडली म्हणून ते दुसरे आले. त्यानंतर बेंगळुरूचे जैन विद्यापीठ, मोहालीजवळचे चंदीगड विद्यापीठ अशी खासगी विद्यापीठे अव्वल येऊ लागली. ती खेळाडूंना संपूर्ण शिष्यवृत्ती, राहणे, खाणे देतात, आणि प्रवेश, वर्ग, परीक्षा सगळे एका आवारात असल्याने वेळापत्रक बदलायला त्यांना एक बैठक पुरते. पुण्यासारख्या संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठाला तसे करता येत नाही. खेळाडू नाशिकच्या महाविद्यालयात शिकतो, शिकवणारे तिथले, परीक्षा आणि क्रीडा विभाग दोनशे किलोमीटरवर गणेशखिंडीत. पदक विद्यापीठाच्या खात्यात जमा होते, नापास झालेला विषय विद्यार्थ्याच्या. ही कोणाची वाईट बुद्धी नाही. जबाबदारी वाटताना मधली जागा मोकळी राहिली, एवढेच. कारभारातल्या मोकळ्या जागा किती महाग पडतात हे 2025 च्या जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत देशाने पाहिले. भारताच्या बॅडमिंटन संघातले 12 पैकी 6 खेळाडू नावे वेळेत दिली न गेल्याने खेळूच शकले नाहीत. दोनच वर्षांपूर्वी चेंगडूला भारताने 11 सुवर्णांसह 26 पदके मिळवली होती. गुणवत्तेत आपण पुढे गेलो आहोत, टेबलावरच्या कामात नाही.

मुलींविषयी वेगळे बोलायला हवे, कारण नाशिकची कीर्ती मुलींनी वाढवली आहे. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली तरच तिचे मैदान आणि शिक्षण दोन्ही टिकते. वसतिगृहाचे दार सातला बंद होते आणि सराव साडेसातला संपतो, एवढ्या एका कारणाने किती मुली थांबल्या असतील याची नोंद कुठेच नाही. वर्ष वाया गेले की घरी लग्नाचा विषय निघतो. मुलासाठी एटीकेटी म्हणजे उशीर. मुलीसाठी तो बऱ्याचदा शेवट असतो. म्हणून तिचा बुडालेला तास भरून देणे हे तिला धावू देण्याचेच काम आहे.

शिक्षण म्हणजे फक्त पदवीचे विषय असेही नाही. संजीवनी जाधववर उत्तेजक चाचणीनंतर दोन वर्षांची बंदी आली आणि 2020 मध्ये ती संपल्यावर ती पुन्हा राष्ट्रीय स्पर्धांत उतरली. त्या प्रकरणाच्या तपशिलात न शिरताही म्हणता येते की वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला प्रत्येक गोळीची, प्रत्येक डब्यावरच्या इंग्रजी अक्षरांची जबाबदारी एकट्याने घ्यावी लागते. नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार. मग ते वाचायला शिकवणेही विद्यापीठाचे काम ठरते. आरोग्य विद्यापीठ याच शहरात आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय आणि भौतिकोपचार महाविद्यालय इथे आहे आणि केटीएचएमही त्याच संस्थेचे. खेळाडूच्या दुखावलेल्या गुडघ्याची तपासणी आणि औषधांबद्दलचे मराठीतले वर्ग ही गोष्ट एका संस्थेच्या आतच जमू शकते.

कायदा आड येत नाही, हा या आढाव्यातला मला सर्वांत आशेचा भाग वाटतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 ने क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालकाला विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांत स्थान दिले आहे. 2021 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार विद्यार्थी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्‌’वरून ऑनलाइन पूर्ण करू शकतो. श्रेयांक बँक त्याच वर्षी आली. अर्धवट राहिलेले शिक्षण त्यात जमा राहते आणि पुढे जोडता येते. 2022 पासून एका वेळी दोन पदव्या करायला मुभा आहे. नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाले आणि त्यात क्रीडेला सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक आहेत. मुक्त विद्यापीठाकडे मराठीत लिहिलेली, घरी वाचून समजतील अशी पुस्तके पस्तीस वर्षांपासून आहेत. आंतरमहाविद्यालयीन ते आंतरविद्यापीठ हा सगळा मार्ग नियमित, पूर्णवेळ विद्यार्थ्यांभोवती आखला असल्याने खेळाडूने नियमित महाविद्यालयातच राहायला हवे. पण तिथे राहून शिबिराच्या महिन्यात मुक्त विद्यापीठाचे साहित्य वापरायला, भारी विषय उन्हाळी सत्रावर टाकायला, स्पर्धेच्या सत्रात एखादा विषय ऑनलाइन घ्यायला कोणती हरकत आहे? हरकत कोणतीच नाही. हे सगळे जोडून एका मुलाचे तीन वर्षांचे नियोजन करून देणारा माणूस मात्र नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक महाविद्यालयाने एक शिक्षक नेमावा, जिमखान्याबाहेरचा. प्रवेशाच्या वेळी त्याने खेळाडूंची यादी घ्यावी, त्यांच्या स्पर्धांच्या आणि परीक्षांच्या तारखा शेजारी मांडाव्यात, कोणाचा कोणता तास बुडणार हे विषयशिक्षकांना आधी सांगावे आणि शिबिरानंतर दोन आठवड्यांत तो भरून घ्यावा. या कामाचे तास त्याच्या कार्यभारात धरावेत. परोपकार म्हणून केलेले काम दुसऱ्या वर्षी थांबते. शहरातल्या महाविद्यालयांनी मिळून संध्याकाळचा एक अभ्यासवर्ग मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलाजवळ किंवा भोसलाच्या आवारात चालवला तर खर्च वाटला जाईल आणि सरावाहून आलेल्या मुलांना पुन्हा शहरभर फिरावे लागणार नाही. विद्यापीठाने झोनल आणि इंटरझोनलच्या तारखा परीक्षा विभागाबरोबर बसून जूनमध्येच जाहीर कराव्यात आणि स्वतंत्र परीक्षेची सवलत विभागीय संघातल्या खेळाडूंपर्यंत उतरवावी. आणि दरवर्षी पदकांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापावा: तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाकडून खेळलेल्यांपैकी पदवी किती जणांनी पूर्ण केली. तो आकडा आज कोणी प्रसिद्ध करत नाही.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलाला किंवा मुलीला खेळासाठी नाशिकच्या महाविद्यालयात घालताना मैदान, वसतिगृह आणि फीमाफी यांची चौकशी तुम्ही करताच. त्याबरोबर प्राचार्यांना हेही विचारा की स्पर्धेमुळे बुडालेले तास कोण आणि कधी घेणार, आणि ज्या शिक्षकाचे नाव ते सांगतील त्यांना त्याच दिवशी भेटून या.